आकाशात दिसलेलं ते नेमकं काय होतं? उडत्या तबकड्या, खालून जाणारी फायटर विमानं आणि आपले डोळे

२०२२ चा गुढीपाडवा विदर्भातल्या लोकांना चांगलाच लक्षात असेल. २ एप्रिल, संध्याकाळी पावणेआठ-आठची वेळ, आणि नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगावपासून पार मध्य प्रदेशातल्या झाबुआ-बडवानीपर्यंत लोकांना आकाशात जळत्या गोळ्यांची एक रांग संथपणे सरकताना दिसली. कोणी म्हणालं उल्का, कोणी म्हणालं विमान पेटलंय, कोणी डायरेक्ट मिसाईल (युक्रेनचं युद्ध सुरू होऊन सव्वा महिनाच झालेला, त्यामुळे तो शब्द सगळ्यांच्या तोंडात होताच). मग त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची एक भलीमोठी रिंग सापडली, साधारण तीन मीटर व्यासाची, आणि नंतर त्याच भागात धातूचे गोळेही सापडले.

अवकाशात कुठल्या वस्तू फिरतायत याची नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी लगेच सांगितलं की हा बहुतेक चायनाच्या चँग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या. म्हणजे वर्षभर पृथ्वीभोवती फिरत होता आणि नेमका पाडव्याला खाली आला.

आता हे प्रकरण लकी म्हणायचं, कारण हातात धरायला वस्तू होती. एरवी असल्या गोष्टीत आपल्याकडे काय असतं? बारा सेकंदांचा हललेला व्हिडिओ, मागे कोणाचा तरी "अरे बघ बघ बघ" असा आवाज, आणि खाली दोनशे लोकांची भांडणं. अर्धे म्हणतात एलियन, अर्धे म्हणतात सरकार लपवतंय, आणि एखादा बिचारा म्हणतो शुक्र आहे तो, त्याला सगळे शिव्या घालतात. तर हे एकदा नीट समजून घेऊ.

आधी बेसिक: रिकाम्या आकाशात अंतर कळत नाही

सगळा घोळ इथून सुरू होतो. जमिनीवर एखादी गोष्ट किती लांब आहे हे आपण आजूबाजूच्या गोष्टींवरून ठरवतो, झाड आहे, घर आहे, माणूस उभा आहे, त्यावरून अंदाज येतो. दोन डोळ्यांमुळे जी खोली कळते ती जवळच्या अंतरावरच कामाची. रात्रीच्या आकाशात यातलं काहीच नसतं, काळ्या पडद्यावर एक ठिपका असतो फक्त. तो ४०० मीटरवरचा ड्रोन आहे, ४० किलोमीटरवरच्या विमानाचा लँडिंग लाईट आहे की ४०० किलोमीटर उंचीवरचं अवकाश स्थानक आहे, हे नुसत्या डोळ्यांना कळूच शकत नाही, कितीही चांगली नजर असली तरी.

आणि अंतर चुकलं की बाकीचं सगळं आपोआप चुकतं. आकार आणि वेग दोन्ही आपण मनातल्या मनात अंतरावरूनच काढतो. त्यामुळे "दोनशे फुटांवरून गेलं, बसएवढं होतं, आवाज अजिबात नाही" असं कोणी सांगितलं तर तो माणूस खोटं बोलत नसतो, त्याच्या मेंदूने त्याला एक आकडा दिलेला असतो आणि बाकीचे दोन त्यातून निघालेले असतात. आवाज नव्हता हे मात्र त्याने खरंच अनुभवलेलं असतं, आणि ती गोष्ट ५० किलोमीटर लांब असेल तर आवाज येणार कसा?

अमेरिकेच्या नेव्हीचा एक गाजलेला व्हिडिओ आहे, २०१५ चा, 'गोफास्ट' नावाने फिरतो, पेंटागॉनने २०२० मध्ये अधिकृतपणे रिलीज केला. त्यात एक पांढरा ठिपका समुद्रावरून सुसाट जाताना दिसतो, पायलटही जाम एक्साईट झालेले ऐकू येतात. पण स्क्रीनवर कॅमेऱ्याचा कोन, विमानाची उंची वगैरे आकडे दिसतात, ते घेऊन नासाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ च्या रिपोर्टमध्ये साधं त्रिकोणमितीचं गणित केलं. वस्तू समुद्राला चिकटून नव्हतीच, १३,००० फुटांवर होती आणि तिचा सरासरी वेग निघाला ताशी सुमारे ६४ किलोमीटर, म्हणजे त्या उंचीवरच्या वाऱ्याबरोबर वाहत जाणारं काहीही असू शकतं. पळत होतं ते कॅमेरा लावलेलं विमान. एसटीच्या खिडकीत बसून शेतातल्या बुजगावण्यावर नजर खिळवून ठेवा, मागचा डोंगर पळताना दिसतो ना, तसंच हे, फक्त इथे डोंगराच्या जागी एकसारखं पाणी आहे त्यामुळे बुजगावणंच पळतंय असं वाटतं.

लडाखमध्ये जवानांनी कोणावर पाळत ठेवली होती?

हा किस्सा मला फार आवडतो. २०१२ च्या ऑगस्टपासून पुढचे सहा महिने लडाखमध्ये चीनच्या सीमेवर आपल्या जवानांना रोज आकाशात प्रकाशमान वस्तू दिसत होत्या. चिनी ड्रोन असणार म्हणून शिस्तीत नोंदी ठेवल्या, तब्बल ३२९ वेळा दिसल्याची नोंद झाली आणि त्यातल्या कितीतरी वेळा "घुसखोरी" पण लिहिली गेली. शेवटी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ ॲस्ट्रोफिजिक्सच्या शास्त्रज्ञांना विचारलं. त्यांनी वेळा आणि दिशा ताऱ्यांशी ताडून बघितल्या आणि सांगितलं की एक शुक्र आहे, दुसरा गुरू.

हसू येतं पण हसण्यासारखं नाहीये. ती हवा इतकी स्वच्छ आणि कोरडी की ग्रह आपल्याला शहरात दिसतात त्यापेक्षा कितीतरी झगझगीत दिसतात. शुक्राची चांदणी क्षितिजाजवळ असली की तिचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, लाल-हिरवी लुकलुकते, थरथरल्यासारखी वाटते. आणि समोर खरोखर सीमा आहे, तिकडून खरोखर ड्रोन येऊ शकतो. अशा ठिकाणी ड्यूटीवर असलेल्या माणसाने नोंद न करणं हा गुन्हा झाला असता. मुद्दा एवढाच की ट्रेनिंग घेतलेले, चांगली नजर असलेले, रोज तेच बघणारे लोकसुद्धा अंतराच्या बाबतीत आपल्याइतकेच आंधळे असतात.

मग विदर्भात दिसलं ते उल्का का नव्हतं?

इथे ओळखायची एक सोपी खूण आहे: किती वेळ दिसलं. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर अशा वेगाने वातावरणात घुसते, त्यामुळे सर्रकन एक-दोन सेकंदांत खेळ खल्लास, फार तर पाच-सात. पृथ्वीभोवती फिरणारा रॉकेटचा तुकडा साधारण पावणेआठ किलोमीटर वेगाने आणि अगदी तिरका, जवळजवळ आडवा येतो, म्हणून तो या क्षितिजाकडून त्या क्षितिजाकडे मिनिटभर तरी जळत जाताना दिसतो, आणि फुटला की सगळे तुकडे एकाच दिशेने एकामागोमाग जातात. विदर्भातले व्हिडिओ परत बघा, तंतोतंत हेच आहे. आणि तो तेव्हा जमिनीपासून पन्नास ते शंभर किलोमीटर उंच असतो, म्हणून जळगाव आणि चंद्रपूर दोन्हीकडे "आमच्या गावावरून गेलं" असं सांगणारे लोक आहेत आणि दोघंही बरोबर आहेत.

गोळे कसे काय वाचले? रॉकेटमध्ये इंधनाच्या टाक्यांत दाब धरून ठेवायला हेलियम भरलेले गोल सिलिंडर असतात, बऱ्याचदा टायटॅनियमचे. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, टायटॅनियम १,६७० च्या आसपास, त्यामुळे बाकीचं जळून जातं आणि हे गोळे खाली येतात. जगभरात शेतांमध्ये असे गोळे पडलेले आहेत.

आणि ती एका रांगेत शिस्तीत जाणारी वीस-पन्नास दिव्यांची माळ, जळत नाही, आवाज नाही, नुसती सरकते, ती स्टारलिंक, म्हणजे स्पेसएक्स कंपनीचे इंटरनेटसाठीचे सॅटेलाईट. २०१९ च्या मे महिन्यात पहिले साठ सोडले तेव्हा युरोपात लोकांनी उडत्या तबकड्या दिसल्याचं कळवलं होतं. लाँचनंतर थोडे दिवसच अशी माळ दिसते, तीही सूर्य मावळल्यावर किंवा उगवायच्या आधी तास-दोन तास, कारण आपल्याकडे अंधार असतो पण तिकडे वर अजून ऊन असतं. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

फायटर विमानं एवढ्या खालून कशाला उडवतात?

आता दुसरा विषय, जो वर्षातून दोनदा तरी पेटतो. "आज आमच्या बिल्डिंगवरून दोन फायटर गेले, काचा हादरल्या, काहीतरी होणारे नक्की." पुण्यात लोहगाव, नाशिककडे ओझर, गोव्यात दाबोळी, या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे नवीन नाही, तरीही बॉर्डरवर जरा तणाव असला की तीच विमानं वेगळी वाटायला लागतात.

खालून उडायचं मूळ कारण आहे पृथ्वीचा गोलपणा. रडार सरळ रेषेत बघतं आणि पृथ्वी वाकलेली आहे, त्यामुळे लांबच्या गोष्टी क्षितिजाखाली लपतात. दहा मीटर उंच अँटेना असलेलं रडार धरा. विमान १०,००० मीटरवरून येत असेल तर ते गणिताप्रमाणे सव्वाचारशे किलोमीटरवरून नजरेत येऊ शकतं. तेच विमान ७५ मीटरवरून, म्हणजे २५० फुटांवरून आलं तर पन्नास किलोमीटरच्या आत येईपर्यंत ते रडारच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. ताशी ८०० च्या वेगाने ते पन्नास किलोमीटर कापायला चार मिनिटंसुद्धा लागत नाहीत. समोरच्याला अर्धा तास मिळणं आणि चार मिनिटं मिळणं यातला फरक म्हणजे लो फ्लाईंग. डोंगर असतील तर आणखी चांगलं, दरीतून जायचं.

पण २५० फुटांवरून त्या स्पीडने जाणं हे काही पुस्तक वाचून येत नाही, हात बसावा लागतो, म्हणून शांततेच्या काळात सतत सराव चालतो. ब्रिटनमध्ये तर जवळजवळ अख्ख्या देशावर कमी उंचीवरून उडायची परवानगी आहे, २५० फुटांपर्यंत, आणि वेल्स-स्कॉटलंडच्या काही ठराविक भागांत १०० फुटांपर्यंत, त्याचं टाईमटेबल संरक्षण खातं आधीच प्रसिद्ध करतं. वेल्समध्ये 'माक लूप' नावाच्या दऱ्या आहेत तिथे लोक डब्यात सँडविच घेऊन डोंगरावर बसतात आणि फायटर विमानांचे फोटो *वरून* काढतात! त्यामुळे तिकडे राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी वीकडेला डोंगरात गेल्यावर अचानक कानठळ्या बसल्या तर घरी फोन करून युद्ध सुरू झाल्याचं सांगू नये.

आपल्याकडे प्रत्येक जागेचं कारण थोडं वेगळं. लोहगावला २००२ पासून सुखोई-३० एमकेआय आहेत आणि धावपट्टी प्रवासी विमानांबरोबर शेअर आहे, त्यामुळे शहरावरून येणं-जाणं होणारच. ओझरला एचएएलचा कारखाना, तिथे तयार झालेलं किंवा ओव्हरहॉल केलेलं विमान ताब्यात द्यायच्या आधी हवेत तपासतात, तेव्हा वेड्यावाकड्या गिरक्या घेताना दिसतं. नाशिकरोडजवळ गांधीनगरला आर्मीच्या हेलिकॉप्टर पायलटांचं ट्रेनिंग चालतं. गोव्यात आयएनएस हंसावर नेव्हीची मिग-२९के आणि पी-८आय विमानं आहेत, आणि ही पी-८आय पाणबुड्या शोधणारी, समुद्रावर गस्त घालताना ती बऱ्याचदा खाली येते. कोकण किनाऱ्यावरून कोणी "मोठं राखाडी विमान पाण्याला टेकणार असं वाटलं" म्हणालं तर माझा पहिला संशय तिच्यावर.

एक प्रॅक्टिकल गोष्ट. दोन किलोमीटर लांबून गेलेल्या विमानाचा आवाज तुमच्यापर्यंत यायला सहा सेकंद लागतात, तेवढ्यात ते सव्वा किलोमीटर पुढे गेलेलं असतं. आवाज आला तिकडे बघाल तर आकाश रिकामं, आणि मग "आवाज आला पण काहीच दिसलं नाही" ही स्टोरी तयार. आवाजाच्या पुढे बघायचं.

आणि तो भूकंपासारखा दणका?

२० मे २०२०, दुपारी दीडच्या आधी बंगळुरूमध्ये प्रचंड आवाज झाला, खिडक्या हादरल्या, लॉकडाऊन असल्यामुळे सगळे घरीच, त्यामुळे अख्ख्या शहराने एकदम ऐकला. भूकंपमापकावर काही नाही. संध्याकाळी संरक्षण खात्याने सांगितलं की एअरफोर्सच्या टेस्ट फ्लाईटचा आवाज होता, विमान ३६ ते ४० हजार फुटांच्या दरम्यान आवाजाच्या वेगाच्या खाली येत होतं आणि ते शहरापासून बरंच लांब होतं.

याला सॉनिक बूम म्हणतात. विमान आवाजापेक्षा जोरात जायला लागलं की त्याच्यापुढची हवा बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, दाबाची एक भिंत तयार होते आणि ती विमानामागून जमिनीवर पसरत येते, तुमच्यावरून गेली की दणका. एक गैरसमज आहे की "बॅरियर तोडला" त्या एका क्षणी आवाज होतो. तसं नाही, जोवर विमान त्या वेगात आहे तोवर तो दणका त्याच्यामागून गावोगाव फिरत असतो, प्रत्येक गावाला एकेकदा ऐकू येतो. संरक्षण खात्याच्याच म्हणण्यानुसार तो ६५ ते ८० किलोमीटरवर सुद्धा जाणवू शकतो.

"सरळ सांगून टाकायला काय जातं?"

हा आक्षेप मला पटतो, अर्धा तरी. बंगळुरूत संध्याकाळपर्यंत लोक एलियनवर मीम करत बसले, एका तासात खुलासा आला असता तर काही बिघडलं नसतं.

पण काही वेळा गप्प बसण्यामागे खरंच कारण असतं. १९५५ मध्ये अमेरिकेत सीआयएने नेवाडाच्या वाळवंटात यू-२ नावाच्या हेरगिरीच्या विमानाच्या चाचण्या सुरू केल्या. तेव्हा प्रवासी विमानं १० ते २० हजार फुटांवर उडायची आणि हे ६० हजारांच्या वर. संध्याकाळी खाली विमानात अंधार झालेला, आणि वर या विमानाच्या चंदेरी पंखांवर अजून ऊन पडतंय, म्हणजे पायलटला डोक्यावर, जिथे कुठलंच विमान असणं शक्य नाही तिथे, काहीतरी पेटलेलं दिसायचं. भराभर रिपोर्ट आले. एअरफोर्सची 'प्रोजेक्ट ब्लू बुक' ही टीम असले रिपोर्ट तपासायची, ते गुपचूप सीआयएकडून यू-२ च्या वेळा घेऊन जुळवून बघायचे, जुळायचं, पण पत्र लिहिणाऱ्याला खरं सांगता यायचं नाही. पुढे सीआयएने स्वतःच्या इतिहासात लिहिलं की पन्नासच्या दशकाचा शेवट आणि साठचं दशक या काळातले निम्म्याहून जास्त रिपोर्ट आमच्याच टेहळणी विमानांचे होते. हा आकडा फुगवलेला आहे असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे, पण प्रकार घडत होता हे नक्की. म्हणजे "सरकार लपवतंय" म्हणणारे बरोबर होते, फक्त लपवलेली वस्तू सरकारचीच होती.

आजकाल बरंचसं आधी कळतं. मिसाईल चाचणी किंवा सराव असेल तर नोटाम निघतो, म्हणजे पायलटांसाठीची सूचना की अमुक भागात अमुक वेळी येऊ नका. १५ डिसेंबर २०२२ ला अग्नी-५ ची रात्री चाचणी झाली तेव्हा ईशान्य भारतात आणि आजूबाजूला लोकांनी तो विचित्र उजेड बघितला, नोटाम वाचणाऱ्यांना आधीच अंदाज होता. आणि "फ्लाईटरडारवर काहीच दिसत नव्हतं" याला पुरावा मानू नका. ते ॲप विमानांनी स्वतःहून पाठवलेलं लोकेशन दाखवतं, फायटर विमानं ते सहसा बंद ठेवतात.

"पण पायलट, जवान, गव्हर्नर, सगळे चुकले?"

१३ मार्च १९९७, अमेरिकेत ॲरिझोनातलं फिनिक्स शहर. त्या रात्री दोन गोष्टी झाल्या आणि लोकांनी त्यांची एक केली, घोळ तिथेच झाला. साधारण साडेआठला पाच-सहा दिव्यांचा व्ही आकार शहरावरून गेला. मग दहाच्या सुमाराला दक्षिणेला दिव्यांची एक रांग हवेत लटकलेली दिसली आणि एकेक करत विझली.

दहा वाजताचं पक्कं कळलंय. मेरीलँड एअर नॅशनल गार्डची ए-१० विमानं तिथे सरावाला आलेली, त्यांनी लांबच्या सरावाच्या मैदानावर फ्लेअर सोडले, म्हणजे पॅराशूटला बांधलेले मॅग्नेशियमचे प्रखर दिवे, चार-पाच मिनिटं जळतात. त्यांच्या स्वतःच्या उष्णतेने वर जाणारी हवा पॅराशूटला धरून ठेवते म्हणून ते लटकल्यासारखे दिसतात. आधीच्या व्ही आकाराकडे शहरातल्या एका हौशी आकाशनिरीक्षकाने दुर्बीण लावली तेव्हा त्याला सरळ वेगवेगळी विमानं दिसली. पण नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्या कित्येकांनी मधल्या भागात चांदण्या झाकणारं काळं, अवाढव्य शरीर बघितल्याचं सांगितलं. मेंदू असंच करतो, अंधारात तीन-चार ठिपके एकत्र सरकले की मधली जागा स्वतःच भरून टाकतो. गव्हर्नर फाईफ सिमिंग्टन, एकेकाळी एअरफोर्समध्ये असलेला माणूस, त्यांनी आधी पत्रकार परिषदेत एका सहकाऱ्याला एलियनचा ड्रेस घालून आणून थट्टा केली आणि दहा वर्षांनी सांगितलं की मी स्वतः बघितलं होतं, प्रचंड होतं. मला ते खोटारडे वाटत नाहीत.

बरं, मशीन तरी पूर्ण खरं सांगतं का? फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेने चिनी बलून पाडला आणि पुढच्या आठवड्यात लगोलग आणखी तीन वस्तू पाडल्या. एकदम एवढ्या कुठून आल्या? तर रडार हळू चालणाऱ्या बारीक गोष्टी मुद्दाम गाळतं, नाहीतर पक्षीच पक्षी दिसतील. बलूननंतर त्यांनी ती चाळणी सैल केली, आणि जे आधीपासून उडत होतं ते दिसायला लागलं.

तरी काही उरतंच ना?

उरतं. ब्लू बुकने १९६९ पर्यंत १२,६१८ रिपोर्ट तपासले, ७०१ उलगडले नाहीत. आपल्याकडे १९ नोव्हेंबर २०२३ ला इम्फाळ विमानतळावर काहीतरी दिसलं म्हणून काही तास विमानं थांबवली, एअरफोर्सने आपली यंत्रणा कामाला लावली आणि नंतर एवढंच सांगितलं की ती छोटी वस्तू पुढे दिसली नाही. यावर काय निष्कर्ष काढायचा? माझ्या मते काहीच नाही. ७०१ मधल्या बहुतेकांत अंतर, दिशा, वेळ यातलं काहीतरी एक धड नोंदवलेलंच नसतं, मग नंतर कोणीही कितीही हुशार आला तरी गणित मांडणार कशावर. उलगडलं नाही म्हणजे परग्रहावरचं, ही उडी मला मान्य नाही, आणि उलगडलं नाही म्हणजे बघणारा बावळट, ही पण नाही.

दिसलंच तर काय करायचं

पहिलं घड्याळ बघा, मिनिटासकट वेळ लिहा आणि उभे आहात ती जागा. मग दिशा. उंची फुटांत सांगू नका, ती चुकणारच, हात सरळ पुढे करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश, क्षितिजापासून किती मुठी वर होतं ते मोजा. एवढ्यावर कोणीही आकाशनिरीक्षक ग्रह, सॅटेलाईट, अवकाश स्थानक पाच मिनिटांत तपासून देतो. खाली काही पडलेलं सापडलं तर हात लावू नका, रॉकेटच्या टाक्यांत विषारी इंधनाचा अंश राहिलेला असू शकतो, पोलीस पाटलाला किंवा तहसीलला कळवा.

व्हिडिओ काढताना झूम करू नका. झूम केला की ठिपक्याचा फक्त मोठा धुरकट गोळा होतो. त्यापेक्षा फ्रेममध्ये गच्चीचा कोपरा, टॉवर, डोंगर असं काहीतरी न हलणारं राहू द्या आणि मोबाईल कठड्याला टेकवा. फिनिक्समध्ये एकाच्या व्हिडिओत लांबच्या सिएरा एस्ट्रेला डोंगरांची बाजू आली होती. नंतर तज्ज्ञांनी त्याच जागेवरून दिवसा काढलेलं चित्र त्यावर ठेवून बघितलं, तर प्रत्येक दिवा बरोबर डोंगराची कड लागते तिथे विझत होता, म्हणजे ते शहरावर नव्हतेच, डोंगरापलीकडे खाली उतरत होते.